भाकरीच्या मुलखातली खिचडी

शाळेतल्या जेवणाची गोष्ट 15 ऑगस्ट 1995 ला सुरू झाली, तेव्हा ताट नव्हतंच, पिशवी होती. महिन्याची 80 टक्के हजेरी भरली की मुलाला तीन किलो तांदूळ मिळायचा आणि तो घरात सगळ्यांच्या पोटात जायचा. ‘शिजवलेलंच अन्न द्या’ असं सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये बजावलं, तेव्हा कुठे शाळांमध्ये चुली पेटल्या. सहावी ते आठवीच्या सगळ्या मुलांपर्यंत ही खिचडी पोचायला मात्र 2008 उजाडावं लागलं. खरं तर अंग धरण्याचं वय हेच. या मुलांसाठी दुपारच्या जेवणात 700 उष्मांक आणि 20 ग्रॅम प्रथिनं, असं प्रमाण ठरलेलं आहे.

आपला छत्रपती संभाजीनगर जिल्हा ज्वारी-बाजरीचा. घरी भाकरी आणि शाळेत तीस वर्षं तांदूळ. दीडशे मुलांच्या भाकऱ्या थापणं सोपं नाही, हे मान्य. म्हणूनच भातासोबतच्या उसळीचं मोल मोठं. पैठणकडच्या एका शाळेत हापशावर हात धुऊन पोरं ओळीत बसली होती. सहावीतली एक मुलगी भातातली मटकी वेचून आधी खात होती. वाढणाऱ्या मावशींनी न विचारताच तिच्या ताटात आणखी एक डाव मटकी टाकली.

नोव्हेंबर 2023 मध्ये आठवड्याला एक अंडं आलं, न खाणाऱ्यांना केळं. जानेवारी 2025 मध्ये शासनाने अंड्याचा निधी थांबवला आणि लोकसहभागातून भागवा म्हणून सांगितलं. इतक्या वर्षांच्या वाटचालीतला हा सर्वांत चुकीचा निर्णय, असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या गावातल्या पोरांना अंड्याची सर्वांत जास्त गरज, तिथे वर्गणी कोण देणार?

शाळेपासून 50 मीटरच्या आत चरबी, साखर, मीठ जास्त असलेले पदार्थ विकू नयेत, हा नियम 2020 चा. तरी फाटकाबाहेर पाच रुपयांची पाकिटं लटकलेली दिसतातच.

व्यायामाचं तर विचारूच नका. गारखेड्यात विभागीय क्रीडा संकुल आहे, विद्यापीठाच्या आवारात ‘साई’चं, म्हणजे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचं, केंद्र आहे, पण परीक्षा जवळ आली की पीटीचा तास गणिताला जातो. कोरोनात दीड वर्ष शाळा बंद राहिल्या, पोरांच्या हाती मोबाइल आला आणि तो अजून सुटलेला नाही.

शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीला जरूर जा. आठवड्याचं अंडं आणि पीटीचा तास, या दोन गोष्टी तिथे मागा आणि ठरावात लिहून घ्या.