लग्न लागलं, नोंद झाली का?

पुण्यात 1873 सालीच सत्यशोधक समाजानं भटजीविना लग्न लावलं होतं. आजही हिंदू विवाह कायद्यात भटजीची सक्ती नाही. वधू किंवा वराकडच्या रीतीचे विधी मात्र व्हायला हवेत. मुलगी 18, मुलगा 21 पूर्ण हवा.

मग 90 दिवसांत नोंदणी करा. शहरात महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात, गावात ग्रामपंचायतीत. वयाचे दाखले, फोटो, तीन साक्षीदार आणि लग्न लावणाऱ्याची सही लागते. उशीर झाला तर दंड भरून नोंद होते.

नोंद नाही म्हणून लग्न खोटं ठरत नाही. पण पोटगी, पेन्शन, वारसाहक्क मागताना ‘मी बायको आहे’ हे सिद्ध करताना बाईचीच दमछाक होते. गटाच्या पुढच्या बैठकीत विचारा: दाखला कुणाकुणाकडे आहे?