काजळीची कैफियत

पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपात नवा प्लग घातला, तरी चार दिवसांत तो काळा पडतो आणि पंप ऐन कपाशीत बंद पडतो; तेव्हा प्लगच नकली समजावा काय, असे पिंगळीच्या एका शेतकऱ्याने विचारले आहे. प्लगवर आरोप ठेवण्यापूर्वी त्याची कैफियत ऐकावी, कारण ज्वलनकोठीत हजर राहून तेथील हकीकत अंगावर नोंदवून आणणारा साक्षीदार दुसरा नाही.

मधल्या कांडीभोवतीचे पांढरे टोक फिकट तपकिरी दिसले, तर कारभार सुरळीत आहे. कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल, तर पेट्रोल जास्त किंवा हवेची जाळी धुळीने तुंबलेली. टोक ओले, तेलकट असेल, तर टू-स्ट्रोक इंजिनात ऑइल बेसुमार. आणि पांढरेफटक, फोड आलेले असेल, तर पेट्रोल अपुरे किंवा कार्ब्युरेटरच्या सांध्यातून हवा शिरते आहे.

परंतु मौज पुढेच आहे. काजळी म्हणजे कार्बन, आणि तो विद्युद्वाहक. त्यामुळे जो हजारो व्होल्टचा दाब फटीतून ठिणगी पाडण्यासाठी निर्माण केलेला असतो, तो काजळीच्या वाटेने मुकाट्याने निसटतो, आणि दोषाची खूण स्वतःच दुसरा दोष होऊन बसते. टोक सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत तापले, तर काजळी आपोआप जळून जाते. मात्र साधारण ८५० अंशांपलीकडे तेच टोक ठिणगीआधी मिश्रण पेटवते. ह्या दोन मर्यादांमध्ये प्लगला नांदवणे हीच त्याच्या रचनेतील खरी विद्या होय.

ठिणगीसाठी वीज निर्माण करणारा उच्चदाबाचा मॅग्नेटो आणि प्लग ही जोडी १९०२ साली स्टुटगार्टमध्ये सिद्ध केली ती गॉटलोब होनोल्ड ह्या अभियंत्याने. नाव मात्र झाले ते त्याचे मालक रॉबर्ट बॉश ह्यांचे. त्याच घराण्याच्या, १९५१ साली बंगळूरमध्ये स्थापन झालेल्या कंपनीचे ‘मायको’ हे नाव नाशकात चौकालाही मिळाले. होनोल्डचे नाव आपल्याकडे क्वचितच कोणी घेते, ह्याची खंत वाटते.

प्लगचा रंग पाहून दोष ओळखण्याच्या जुन्या तक्त्यांतील रंग आज जसेच्या तसे प्रमाण मानू नयेत. २००० साली देशभर पेट्रोलमधून शिसे गेले, तेव्हापासून निरोगी प्लगही पूर्वीपेक्षा फिकट दिसतो. शिवाय इंजिन मंद गतीवर रेंगाळत ठेवून बंद केले, तर प्लगवर त्या रेंगाळण्याचीच काजळी बसते. म्हणून पंप पूर्ण वेगाने चालत असतानाच बंद करावा, निवू द्यावा, आणि मगच प्लग-पाना लावावा. तरीही काजळी कोरडी निघाली, तर आधी हवेची जाळी साफ करावी.