संथ नदीवरील एक दिवस

मोटारीतून पुलावरून जाणाऱ्यास नदी क्षणभरच दिसते. स्वतः होडी वल्हवीत जाणाऱ्यास मात्र ती आपले घरदार उघडून दाखविते. अमेरिकेच्या आग्नेय टोकास असलेल्या फ्लॉरिडा राज्यात संथ व रानाने वेढलेल्या नद्या पुष्कळ आहेत. त्यांपैकी सिल्व्हर नावाच्या लहानशा नदीवर आम्ही दहा जणांनी पाच होड्यांतून हिवाळ्यातील एक दिवस घालविला. त्याची हकीकत येथे देत आहोत.

ही नदी डोंगरावरून उतरत नाही. फ्लॉरिडाची भूमी सपाट आहे. पावसाचे पाणी तेथील वाळूतून खाली झिरपते, चुनखडीच्या खडकातील पोकळ्यांत साठते आणि ओकाला गावाजवळ ‘सिल्व्हर स्प्रिंग्ज’ या झऱ्यांवाटे पुन्हा वर उसळते. त्याचे उष्णतामान बारा महिने सुमारे २२ ते २३ अंश सेल्सिअस राहते. पाणी इतके निर्मळ की, तळाला काच बसविलेल्या नावांतून प्रवाशांस नदीचा तळ दाखविण्याची प्रथा येथे एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. सुमारे ८ किलोमीटर वाहून ही नदी ओक्लावाहा नदीस मिळते.

आमच्या होड्या लांबट, अरुंद व दोघांना बसण्याजोग्या होत्या. पुढे बसणाऱ्याने गती द्यावयाची, मागे बसणाऱ्याने दिशा सांभाळावयाची. प्रत्येक होडीत एक सरावलेला व एक नवशिका अशी जोडी घातली होती. सर्वांत पुढच्या होडीस कोणी ओलांडावयाचे नाही व सर्वांत मागच्या होडीच्या मागे कोणी राहावयाचे नाही, असा नियम होता. म्हणजे साऱ्या काफिल्याची चाल ठरे ती सर्वांत मंद होडीवरून. अंगात जोम असताना सकाळी प्रवाहाविरुद्ध जावे आणि थकल्यावर प्रवाहाबरोबर परतावे, हेही आम्ही पाळले.

पहिला अर्धा तास गप्पांत गेला. आम्ही जवळ येताच कासवे पाण्यात उड्या टाकीत. त्यांचा ‘डुबुक’ असा आवाज तेवढा कानी येई. अखेर पुढच्या होडीतील वयस्क गृहस्थांनी वल्हे आडवे धरून थांबण्याची खूण केली व ओठांवर बोट ठेवले. सगळे गप्प झाले. प्रवाहाने होड्या हळूच मागे सरकू लागल्या, आणि मग नदी बोलू लागली. एका ओंडक्यावर सात-आठ कासवे ओळीने ऊन खात होती. वरच्या फांदीवर आपल्याकडील तिरंदाज पक्ष्याचा अमेरिकन भाऊबंद ओले पंख पसरून वाळवीत बसला होता. होडीखाली हिरव्या गवताच्या लांब फिती डुलत होत्या व त्यांवरून निमुळत्या तोंडाचे मासे जात होते.

काठावर अ‍ॅलिगेटर जातीची एक मगर पहुडली होती. तिच्यापासून दूर राहावे आणि तिला काहीही खावयास घालू नये, असा तेथे दंडक आहे. खाऊ घालणे हा गुन्हाच आहे. कारण उघड आहे. माणसाच्या हातचे खाण्यास चटावलेल्या मगरीचे भय मोडते, ती माणसाजवळ येऊ लागते आणि शेवटी तिलाच मारावे लागते.

पुढे झाडावर चक्क आपल्या ओळखीची लाल तोंडाची माकडे दिसली! ती मूळची आशियातील. १९३० नंतरच्या दशकात नावांचा धंदा करणाऱ्या एका गृहस्थाने प्रवाशांच्या करमणुकीसाठी काही माकडे येथील बेटावर आणून सोडली. त्यांना पोहता येत नसावे, असा त्याचा समज होता. माकडे पोहून रानात गेली व तेथेच वाढली. त्यांनाही खाऊ देण्यास आता मनाई आहे.

एक प्राणी मात्र आम्हांस दिसला नाही. तो म्हणजे मॅनटी, अर्थात समुद्रगाय. सुमारे तीन मीटर लांबीचा हा गवत खाणारा निरुपद्रवी जीव. आपल्या मन्नारच्या आखातातील ड्यूगाँगचा हा दूरचा आप्त होय. थंड पाणी त्यास सोसत नाही. म्हणून हिवाळ्यात तो झऱ्यांच्या उबेस येतो. परंतु समुद्राकडून येणारी त्याची वाट ओक्लावाहावरील रॉडमन धरणाने अडविली आहे. फ्लॉरिडा ओलांडणाऱ्या नियोजित कालव्यासाठी हे धरण १९६८ साली पुरे झाले. मार्जोरी हॅरिस कार या बाईंनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कालव्याविरुद्ध चिकाटीने लढा दिला, आणि १९७१ च्या जानेवारीत राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी ते काम थांबविले. कालवा राहिला, धरण मात्र उभेच आहे. त्याच्या दरवाजातून थोड्याच समुद्रगायी वर येऊ शकतात. २०२१ साली फ्लॉरिडात सुमारे ११०० समुद्रगायी मेल्या. पूर्व किनाऱ्यावर पाणी दूषित होऊन त्यांचे गवतच नाहीसे झाले होते व पुष्कळ उपासमारीने गेल्या. अशा काळात झऱ्याची एकेक वाट किती मोलाची, हे सांगावयास नको.

झऱ्यालाही दुखणे जडले आहे. दूरच्या शेतांतील खत, गुरांचे शेण व घरांचे सांडपाणी पावसाबरोबर जमिनीत मुरते आणि झऱ्यावाटे नदीत येते. त्यावर शेवाळ माजते व गवत गुदमरते. विहिरींच्या उपशाने झऱ्याचा जोरही घटला आहे. हे ज्यांच्या हातून घडते, त्यांपैकी कित्येकांनी ती नदी पाहिलीही नसेल.

आपल्या गावच्या झऱ्याची गोष्ट वेगळी नाही. त्याचे पाणी वरच्या डोंगरात मुरलेल्या पावसाचेच असते. तेथे आपण जे टाकू तेच खाली आपल्या घागरीत येईल. नदीवर मौन पाळणे आम्हांस एका दिवसात जमले. नदीपासून दूर, आपापल्या शेतात व अंगणात तिची आठवण ठेवणे हे अधिक कठीण आहे, आणि अधिक गरजेचेही.