एक गुरुजी, चार वर्ग : संगणकाच्या इव्हेंट लूपविषयीं

परीक्षेच्या निकालाचा दिवस मराठी कुटुंबांत सणासारखाच, परंतु धाकधुकीचा असतो. पूर्वीं वर्तमानपत्रांत उत्तीर्ण झालेल्यांचे क्रमांक छापून येत. आणि घर धरमपेठेंतलें असो कीं महालांतलें, घरांतील वडील मनुष्य चष्मा पुसून त्या बारीक टाइपाच्या स्तंभांवरून बोट फिरवीत असे. आतां तो सोहळा दुपारीं एक वाजतां संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर होतो. मुलगा आपला बैठक-क्रमांक आणि आईचें नांव लिहितो, कळ दाबतो आणि सर्व घर श्वास रोखून उभें राहतें. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाचे नागपूर धरून नऊ विभाग आहेत. या सर्व विभागांत मिळून दहावीस सुमारें १५ लाख विद्यार्थी असतात. आणि त्यांतील बहुतेकांचा हात त्या एकाच घटकेस कळीवर जातो.

१६ जुलै २०२१ चा दिवस अनेकांच्या स्मरणांत असेल. साथीमुळें त्या वर्षीं दहावीची लेखी परीक्षा झालीच नव्हती. शाळांनीं केलेल्या मूल्यमापनावरून निकाल लागला आणि ९९.९५ टक्के विद्यार्थी उत्तीर्ण झाले. म्हणजे जवळजवळ प्रत्येक घरांत पेढे वांटण्यासारखी वार्ता होती. परंतु ती कळेल तर ना! एक वाजून गेला, दोन वाजले, तरी निकालाचें संकेतस्थळ कित्येक तास उघडेना. अशा कोंडीस कारणें अनेक असूं शकतात. यंत्रें अपुरीं असतात, तारेची वाट अरुंद असते, माहितीचें कोठार मंद असतें. त्या दिवसाच्या कारणांचा निवाडा करण्याचें हें स्थळ नव्हे. परंतु पुष्कळ प्रोग्रॅमांत आढळणारें एक कारण असें आहे कीं, तें यंत्राच्या दुबळेपणांत नसून वाट पाहण्याच्या रीतींत असतें. ती रीत सुधारण्याची जी युक्ति, तिचें नांव इव्हेंट लूप.

प्रथम संगणकाचा वेळ जातो कोठें तें पाहूं. आजच्या साधारण संगणकाचें हृदय एका सेकंदांत सुमारें ३ अब्ज ठोके देतें. नागपूर ते मुंबई हा लोहमार्ग ८०० किलोमीटरांहून थोडा अधिक आहे. त्या मार्गाच्या कडेनें कांचेची तार घातली आहे असें समजावें. कांचेंतून प्रकाश सेकंदाला सुमारें २ लाख किलोमीटर जातो. तेव्हां नागपुराहून प्रश्न मुंबईस जाऊन त्याचें उत्तर परत येण्यास, वाटेंत कोठेंहि खोळंबा न झाला तरी, निदान ८ सहस्रांश सेकंद लागतात. माणसाच्या हिशेबीं हा वेळ पापणी लवण्याहून अल्प आहे; परंतु तेवढ्यांत नागपूरच्या संगणकाचे जवळजवळ अडीच कोटि ठोके होऊन जातात. तितका वेळ प्रोग्रॅम उत्तराकडे डोळे लावून नुसता बसून राहिला, तर ते सारे ठोके वायां गेले. निकाल देणाऱ्या प्रोग्रॅमचें बरेंचसें आयुष्य असेंच जातें. क्रमांक घ्यावयाचा, कोठारास विचारावयाचें, वाट पाहावयाची आणि उत्तर आलें कीं तें विद्यार्थ्याकडे पाठवावयाचें. यांत काम थोडें, वाट पाहणेंच फार.

यावर जुना उपाय म्हणजे येणाऱ्या प्रत्येक मनुष्यामागें एक स्वतंत्र कारकून नेमणें. संगणकाच्या परिभाषेंत या कारकुनास थ्रेड म्हणतात. एक कारकून वाट पाहत बसला तरी दुसरा काम करीत असतो, हा त्यांतला लाभ. शंभर माणसें आलीं तर शंभर कारकून पुरतील. पण दहा हजार आलीं तर काय करावें? प्रत्येक थ्रेडास स्मृतींत जागा राखून द्यावी लागते. लिनक्स प्रणालीवर ही राखीव जागा सामान्यतः ८ मेगाबाइट असते. ती सगळी प्रत्यक्ष व्यापली जात नाहीं हें खरें. तरी इतक्या कारकुनांची बडदास्त ठेवण्यांत, एकास उठवून दुसऱ्यास बसवण्यांत, यंत्राची शक्ति खर्च होऊं लागते. १९९९ सालीं डॅन केगेल यांनीं हाच प्रश्न जाणकारांपुढें मांडला : एका यंत्रानें एकाच वेळीं दहा हजार जणांशीं संबंध कसा राखावा?

ज्यांनीं खेड्यांतली एकशिक्षकी शाळा पाहिली आहे, त्यांस या प्रश्नाचें उत्तर नवें वाटणार नाहीं. काटोलच्या किंवा रामटेकच्या बाजूला एखाद्या लहानशा गांवीं अशी शाळा असते. खोली एक, पहिलीपासून चौथीपर्यंतचीं मुलें आणि गुरुजी एकच. गुरुजी चौथीस गुणाकाराचीं गणितें घालतात. तीं मुलें आंकडे मांडूं लागलीं कीं तिसरीस शुद्धलेखनाचा उतारा काढावयास सांगतात, दुसरीस पाढे लिहावयास बसवतात, आणि मग पहिलीच्या पोराचा हात धरून त्याच्याकडून 'ग' गिरवून घेतात. इतक्यांत चौथींतला एक हात वर होतो. गुरुजी तिकडे जातात, पाटी तपासतात, पुढचें गणित देतात आणि परत फिरतात. चौथीचीं मुलें गणित सोडवीत असतांना गुरुजी त्यांच्यासमोर खुर्ची टाकून स्वस्थ बसले असते, तर दिवसभरांत एकाच वर्गाची शाळा झाली असती. एका क्षणीं गुरुजी एकाच मुलाजवळ असतात, तरी चारहि वर्ग चालतात. कारण मुलें आपलें काम करीत असतां गुरुजी त्यांची वाट पाहण्यांत वेळ दवडीत नाहींत.

इव्हेंट लूप म्हणजे हेच गुरुजी. इव्हेंट म्हणजे घटना, अर्थात् वर झालेला हात. आणि लूप म्हणजे फेरा. कोणाचें उत्तर आलें, कोणाची ठरलेली वेळ भरली, कोण नवा दाराशीं आला, हें पाहावयाचें. जो तयार असेल त्याचें थोडें काम करावयाचें. तो पुन्हां वाट पाहण्याच्या ठिकाणीं आला कीं त्यास तेथेंच ठेवून पुढच्याकडे वळावयाचें. हा फेरा प्रोग्रॅम चालू असेपर्यंत संपत नाहीं. हात कोणाचा वर आहे हें लूपला यंत्राची मूळ कार्यप्रणाली सांगते. जुन्या पद्धतींत दर फेऱ्यास एकूणएक पाटींत डोकावावें लागे. २००२ सालीं लिनक्सच्या गाभ्यांत ई-पोल नांवाची सोय आली, तेव्हांपासून केवळ वर झालेल्या हातांची यादीच हातीं पडते. म्हणून दहा हजार मुलांचा वर्गहि एका गुरुजींस झेपूं लागला.

ही युक्ति सामान्य प्रोग्रॅमकारांच्या हातीं आणून देण्याचें श्रेय बव्हंशीं स्क्रिप्टिंग भाषांकडे जातें. स्क्रिप्टिंग भाषा म्हणजे यंत्राच्या पोटांत फारसें न शिरतां थोडक्या ओळींत काम सांगण्याची भाषा. १९९५ सालीं ब्रेंडन आइक यांनीं रचलेली जावास्क्रिप्ट ब्राउझरांत आरंभापासून याच रीतीनें चालत आली आहे. २००९ सालीं रायन डाल यांनीं नोड नांवाची रचना करून तीच रीत सर्व्हरच्या कामासहि लाविली. १९९१ पासून लोकांच्या हातीं असलेल्या पायथॉन या भाषेचे जनक गीडो व्हॅन रॉसम यांनीं २०१२ च्या डिसेंबरांत इव्हेंट लूपची लायब्ररी भाषेबरोबरच देण्याची सूचना मांडली. आणि मार्च २०१४ मध्यें, पायथॉनच्या ३.४ या आवृत्तींत, ती असिंक-आय-ओ या नांवानें आली. लायब्ररी म्हणजे येथें पुस्तकालय नव्हे. सुताराच्या पेटीसारखा तो तयार हत्यारांचा संच होय.

सप्टेंबर २०१५ मधील ३.५ या आवृत्तीनें पायथॉन भाषेंत 'असिंक' आणि 'अवेट' हे दोन शब्द घातले. ज्या कामांत मध्येंच थांबण्याच्या जागा आहेत, त्या कामाच्या व्याख्येपूर्वीं 'असिंक' लिहावयाचें. जेथें उत्तराची वाट पाहणें आहे, नेमक्या त्या जागीं 'अवेट' लिहावयाचें. त्याचा अर्थ इतकाच कीं, येथें थांबणें आहे, तोंवर लूपनें दुसऱ्याकडे जावें. निकालाचा प्रोग्रॅम या रीतीनें लिहिला तर तो असा होतो : क्रमांक घे; कोठारास विचार आणि 'अवेट' म्हणून बाजूस हो; उत्तर येतांच गुणपत्रक तयार कर; तें पाठवतांना पुन्हां 'अवेट' म्हण. वाचतांना तो सरळ, एकामागून एक अशा पायऱ्यांचा दिसतो. चालतांना मात्र अशा हजारों कामांच्या पायऱ्या एकमेकींत गुंफल्या जातात. 'रन' या हत्यारानें लूपची घंटा वाजते आणि शाळा भरते. 'गॅदर' या हत्यारानें अनेक कामें एकदम सोडतां येतात आणि सर्वांचीं उत्तरें मूळच्या क्रमानें गोळा करतां येतात.

आतां थोडा हिशेब करावा. पुढील आंकडे केवळ समजुतीसाठीं धरलेले आहेत. एका विद्यार्थ्याच्या चौकशींत प्रोग्रॅमचें स्वतःचें काम १ सहस्रांश सेकंदाचें आणि कोठाराच्या उत्तराची वाट पाहणें १९९ सहस्रांशांचें आहे असें समजूं. एकच कारकून बसून वाट पाहूं लागला तर सेकंदास ५ विद्यार्थी होतात. आणि १५ लाख विद्यार्थ्यांस ३ लाख सेकंद, म्हणजे सुमारें साडेतीन दिवस लागतात. तोच एकटा कारकून इव्हेंट लूपच्या रीतीनें वागला, तर वाट पाहण्याचे ते १९९ सहस्रांश इतरांच्या कामीं येतात, आणि सेकंदास जवळजवळ १,००० विद्यार्थी होतात. मग १५ लाखांस १,५०० सेकंद, म्हणजे २५ मिनिटें पुरतात. यंत्र तेंच आणि कारकूनहि तोच. बदलली ती केवळ वाट पाहण्याची रीत.

परंतु या व्यवस्थेचा एक कडक नियम आहे, आणि तो मोडला तर लाभ सगळा उलटतो. लूप कोणासहि बळेंच उठवीत नाहीं. ज्याचें काम चालू आहे त्यानें आपण होऊन जागा सोडावयाची असते. गुरुजी पहिलीच्या वर्गांत गोष्ट सांगूं लागले आणि रंगून गेले, तर उरलेल्या तीन वर्गांत कितीहि हात वर असोत, ते तसेच राहतात. वरच्या हिशेबांत स्वतःचें काम १ सहस्रांशाऐवजीं ५० सहस्रांशांचें झालें, उदाहरणार्थ प्रत्येक गुणपत्रकाचें सजवलेलें चित्र तेथल्या तेथें काढण्याचें ठरलें, तर १५ लाखांस ७५ हजार सेकंद, म्हणजे जवळजवळ २१ तास लागतील. आणि त्या वेळीं लूप असूनहि उपयोग नाहीं. लूप वाट पाहण्याचा वेळ वांचवतो. कामाचा वेळ वांचवीत नाहीं. असें जड काम दुसऱ्या कोणाकडे सोंपवावें हेंच उत्तम. साधी, मात्र लूपची रीत न जाणणारी वाट पाहणें असेल, तर तें वेगळ्या थ्रेडाकडे देण्यासाठीं २०२० सालच्या ३.९ या आवृत्तीपासून असिंक-आय-ओमध्यें 'टू-थ्रेड' हें हत्यार आहे. निव्वळ गणिताचें जड काम स्वतंत्र प्रोसेसकडे द्यावें.

नवशिक्यांच्या हातून होणाऱ्या चुका बहुधा ठरलेल्या असतात. पायथॉनांत 'स्लीप' हें हत्यार दोन पेट्यांत आहे. असिंक-आय-ओमधला 'स्लीप' म्हणजे एका मुलास थोडा वेळ बसवून ठेवणें. 'टाइम' या पेटींतला 'स्लीप' म्हणजे गुरुजींनींच खुर्चींत डुलकी घेणें. नांव एक असल्यामुळें लोक फसतात आणि सारी शाळा थांबते. दुसरी चूक 'अवेट' लिहावयास विसरण्याची. तसें झालें तर काम होतच नाहीं. चिठ्ठी लिहिली पण खिशांतच राहिली असा तो प्रकार. पायथॉन अशा वेळीं इशारा देते. तो वाचण्याची संवय ठेवावी. तिसरी चूक अधिक गंभीर आहे. एका यंत्रांतून हजारों प्रश्न सोडणें इतकें सोपें झालें, म्हणून ते सर्व एकदम कोठारावर लोटले, तर आपला प्रोग्रॅम मोकळा राहतो आणि बिचारें कोठार गुदमरतें. यासाठीं 'सेमाफोर' नांवाचें हत्यार आहे. एका वेळीं अमुक इतक्यांनींच आंत जावें असा दरवानाचा नियम तें घालून देतें. त्याचबरोबर प्रत्येक वाट पाहण्यास कालमर्यादा असावी. जें उत्तर कधींच यावयाचें नाहीं, त्याच्यासाठीं कोणी अनंतकाळ ताटकळूं नये.

या सर्वांवरून एक गोष्ट ध्यानांत येईल. इव्हेंट लूप ही वेगवान यंत्राची जादू नसून एक शिस्त आहे, आणि ती दोन वाक्यांत सांगतां येते : वाट पाहावयाची असेल तेव्हां जागा अडवूं नये, आणि काम करावयाचें असेल तेव्हां तें थोडक्यांत आटोपून दुसऱ्यास वाट द्यावी. तालुक्याच्या शाळेंत एकटे गुरुजी हें रोज करीत असतात, आणि त्यासाठीं त्यांना कोणतेंहि यंत्र लागत नाहीं. निकालाच्या दिवशीं दुपारीं एक वाजतां पडद्यापुढें उभ्या असलेल्या घराला आंत कोणती लायब्ररी आहे हें ठाऊक नसतें, आणि ठाऊक असण्याचें कारणहि नाहीं. त्याला हवा असतो तो मुलाचा निकाल. परंतु ज्या तरुणांच्या हातीं उद्यां असे प्रोग्रॅम लिहिणें येईल, त्यांनीं प्रत्येक ओळ लिहितांना एवढें स्वतःस विचारावें कीं, येथें काम होत आहे कीं केवळ वाट पाहिली जात आहे. आणि वाट पाहिली जात असेल, तर तोंवर मागची रांग पुढें सरकत आहे ना?