फियाटचे जुने स्टिअरिंग

केळापूर तालुक्याचा कारभार पांढरकवड्याहून चालतो आणि पांढरकवड्याची बाजारपेठ प्रामुख्याने कापसावर उभी राहिली. नागपूरहून हैदराबादकडे जाणारा महामार्ग येथूनच जातो. पूर्वी त्याचा क्रमांक ७ होता, आता ४४ आहे. एके काळी या रस्त्याने वसुलीस निघणाऱ्या व्यापाऱ्याकडे मोटार असलीच, तर ती बहुधा फियाट किंवा ॲम्बेसेडर असे. त्यांतील काही गाड्या आजही घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभ्या आहेत. इंजिन दुरुस्त होते, पत्र्याला रंग लागतो. मात्र स्टिअरिंगच्या भेगा पाहिल्या की घरातील तरुण म्हणतात, ‘नवे बसवू.’

त्या निर्णयापूर्वी थोडे थांबावे. फियाटचा जैन समाजाशी एक जुना संबंध आहे. सोलापूरच्या दिगंबर जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट ११०० बाहेर पडू लागली आणि तीच सत्तरच्या दशकात ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. वालचंद १९५३ साली निवर्तले. पद्मिनीचे नाव त्यांच्या कानी कधी आले नाही. मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर निवृत्त झाली. आता ही गाडी उरली आहे ती जपणाऱ्यांच्या घरी.

गाडीत माणसाचा हात सर्वाधिक लागतो तो स्टिअरिंगला. वडिलांची पकड ज्या जागी असे, तेथील झिलई उतरलेली दिसते. भेगांचे कारण मात्र वेगळे आहे. चाकाच्या पोटात लोखंडी कडे असते आणि त्यावर कठीण प्लास्टिकचे किंवा रबराचे आवरण. वर्षानुवर्षे आवरण आकसत जाते, लोखंड आकसत नाही. त्या ताणाने आवरण तडकते. त्यात विदर्भाचा उन्हाळा. पारा ४५ अंशांच्या आसपास असताना बंद काचांच्या गाडीत त्या आवरणाचे काय होत असेल, ते निराळे सांगायला नको. आरे जेथे कड्याला मिळतात, तेथे बहुधा पहिली भेग पडते.

बाजारात यावर झटपट उपाय मिळतो: चामड्याचे कव्हर शिवून घेणे. जैन घरात तो मान्य होणे कठीण, आणि कव्हराखाली घाम साचून लोखंडाचा गंज वाढतो तो वेगळाच. युद्धपूर्व मोटारींच्या लाकडी चाकांबाबत आणखी एक प्रश्न येतो. जुने सुतारकाम सरसाने जोडले जाई आणि त्यावर चपड्याचे पॉलिश चढे. सरस जनावरांच्या कातडी-हाडांपासून होतो आणि चपडा लाखेच्या किड्यांपासून. आपल्या शास्त्रकारांनी श्रावकाला वर्ज्य सांगितलेल्या पंधरा कर्मादानांत दंतवाणिज्याच्या जोडीने लाक्षावाणिज्यही आहे, हे जाणकार वाचकांना ठाऊक आहेच. (जुन्या चाकांच्या पिवळसर रंगाला कारागीर ‘हस्तिदंती’ म्हणतात; सुदैवाने त्यात हत्तीचा संबंध केवळ नावापुरता!) आज इपॉक्सी आणि पॉलियुरेथेन उपलब्ध असल्याने लाख व सरस या दोहोंची गरज उरलेली नाही. कारागिराला काम देतानाच ते स्पष्ट सांगावे.

काम धीराचे आहे. प्रथम बॅटरीची तार सोडावी, कारण हॉर्नची जोडणी चाकातूनच जाते. चाक आणि दांडा यांवर जुळणीची खूण करावी. मधला नट सैल करावा, पण दोन-तीन आटे राहू द्यावेत; अन्यथा अडकलेले चाक एकदम सुटून तोंडावर येते. हातोडा मारू नये, पुलर लावावा. चाक हाती आल्यावर लोखंडी कडे नीट तपासावे. ते वाकले असेल, गंजाने खाल्ले असेल किंवा आऱ्याचा सांधा सुटला असेल, तर चाक भिंतीवर टांगावे, गाडीला लावू नये. येथे भावनेला सूट नाही.

कडे शाबूत असल्यास चाक साबणाच्या पाण्याने धुऊन अनेक वर्षांचा मेणचटपणा काढावा. प्रत्येक भेग कानशीने इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखी रुंद करावी. हे करताना जीव हळहळतो, पण बारीक भेगेत भराव धरत नाही. आतील गंज खरवडून दोन भागांची इपॉक्सी लांबी थोडी वर येईल इतकी भरावी. ती पूर्ण कडक झाल्यावर कानस आणि त्यानंतर पॉलिश पेपर: १२० पासून सुरुवात, मग २२०, ४०० आणि शेवटी पाण्यासह ६००. डोळे मिटून बोट फिरवावे. जोड जाणवला तर काम अपुरे आहे. काही थिनर जुने प्लास्टिक विरघळवतात, म्हणून प्रायमरची परीक्षा आधी चाकाच्या खालच्या बाजूला घ्यावी. रंगाचे हात पातळ, पण अनेक. दोन घटकांच्या पॉलियुरेथेन रंगाची वाफ फुप्फुसांस घातक असते, म्हणून ते काम योग्य मास्क असलेल्या मोटार-पेंटरकडेच सोपवावे. पावसाळ्यात रंगावर पांढुरकी छटा येऊ शकते आणि मे महिन्यात तो फवारतानाच सुकतो. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारी उत्तम. रंगानंतर आठवडाभर चाकाला हात लावू नये.

मूळ चाक राखण्यामागे व्यवहारही आहे. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या मोटारीची ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदणी होऊ शकते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षे, पुनर्नोंदणीस ५,००० रुपये. मात्र अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली अशा प्रसंगीच ती रस्त्यावर येते. सणासुदीला मंदिरात जाण्यासाठी गाडी हवी असेल, त्याने साध्या नोंदणीचे नूतनीकरणच करावे.

चाक परत बसवताना खुणा जुळवाव्यात, नट पक्का आवळावा, हॉर्न वाजवून पाहावा आणि मोकळ्या मैदानात एक फेरी मारावी. उन्हाळ्यात गाडी उभी असेल तेव्हा चाकावर दुहेरी सुती कापड टाकावे. कापसाच्या गावात त्याची वाण नाही.