खानदेशचे ऊन आणि हायब्रिड मोटार

सातपुडा आणि अजिंठा-सातमाळा या डोंगररांगांच्या मध्ये पसरलेले तापीचे खोरे समुद्रसपाटीपासून जेमतेम दोनशे-अडीचशे मीटर उंचीवर आहे, आणि पावसाळ्यापूर्वी तेथे कोरडे, तापलेले वारे वाहत असल्यामुळे जळगाव, भुसावळ आणि धुळे येथील पारा एप्रिल-मे महिन्यांत ४२-४३ अंश सेल्सिअसवर राहणे हा नित्याचा अनुभव झाला आहे. भारतीय हवामान विभाग मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४५ अंशांवर पोहोचले की ते सरासरीपेक्षा किती अधिक आहे हे न पाहताच उष्णतेची लाट मानतो, आणि खानदेशात ही मर्यादा ओलांडली जाणे नवलाचे राहिलेले नाही. शिवाय हा आकडा जमिनीपासून काही उंचीवर, हवा खेळती ठेवणाऱ्या पांढऱ्या पेटीत, सावलीत मोजलेला असतो. भर दुपारी डांबरी रस्त्यालगत काचा लावून उभ्या असलेल्या मोटारीचा त्याच्याशी संबंध दूरचाच.

अशा प्रदेशात गेल्या काही वर्षांत हायब्रिड मोटारी दिसू लागल्या आहेत. २०२२ मध्ये मारुती सुझुकीची ग्रँड व्हिटारा, टोयोटाची हायरायडर व इनोव्हा हायक्रॉस आणि होंडा सिटीची हायब्रिड आवृत्ती या गाड्या भारतीय बाजारात एकापाठोपाठ एक आल्या, आणि त्यांतील पहिल्या दोन गाड्यांसाठी जाहीर झालेला लिटरला २७.९७ किलोमीटर हा आकडा ग्राहकांच्या तोंडी बसला. उन्हाळ्यात तो आकडा हाती लागत नाही, तेव्हा दोष सहसा बॅटरीला दिला जातो. तो बव्हंशी चुकीच्या ठिकाणी दिला जातो, हे समजण्यासाठी या गाडीची रचना थोडक्यात पाहावी लागते.

हायब्रिड म्हणजे पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर या दोहोंवर चालणारी गाडी होय. तिला चार्जिंगची वायर लावावी लागत नाही. ब्रेक दाबला असता एरवी उष्णतेच्या रूपाने वाया जाणारी ऊर्जा मोटर उलट जनित्रासारखी फिरून विजेत रूपांतरित करते आणि बॅटरीत साठवते, तर उरलेली गरज इंजिन भागवते. ही बॅटरी आश्चर्य वाटावे इतकी लहान असते: पूर्ण विजेवर चालणाऱ्या पहिल्या नेक्सॉन ईव्हीत सुमारे ३० युनिट वीज मावत असे, तर ग्रँड व्हिटारा किंवा हायरायडरच्या बॅटरीत एक युनिटही मावत नाही. येथे युनिट म्हणजे घरच्या वीजबिलावरचे युनिटच, म्हणजे एक किलोवॉट-तास. हायब्रिडची बॅटरी मिनिटामिनिटाला थोडी भरते, थोडी रिकामी होते, आणि तिचे काम गाडी लांब पल्ल्यावर नेण्याचे नसून इंजिनाला तोट्याच्या क्षणी, म्हणजे सिग्नलवर थांबताना, रांगेत सरकताना आणि जागचे हलताना, बंद राहू देण्याचे असते.

जाहीर मायलेज प्रयोगशाळेत, रोलरवर गाडी चालवून, ठरलेल्या सौम्य तापमानात आणि एसी बंद ठेवून मोजलेले असते. जळगावच्या मे महिन्यात एसी बंद ठेवून कोणी जात नाही, आणि मायलेज घटण्याचे पहिले कारण येथेच सापडते. हायब्रिड गाडीत एसीचा कॉम्प्रेसर पट्ट्याने इंजिनाला जोडलेला नसून विजेवर चालतो, त्यामुळे इंजिन बंद असतानाही थंडावा मिळतो. पण ती वीज त्याच लहान बॅटरीतून जाते आणि बॅटरी उतरली की उभ्या गाडीचे इंजिन तिला भरण्यासाठी सुरू होते. रांगेत थांबलेली गाडी अचानक घुरघुरू लागते ती यामुळेच. तो बिघाड नव्हे.

हा खर्च किती, याचा ढोबळ हिशेब मांडता येतो. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ९ युनिट ऊर्जा असते आणि इंजिन, जनित्र व साठवण यांतील घट वजा जाता तिच्यापैकी ३० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे २.७ युनिट, विजेच्या रूपाने हाती येते असे धरू. गाडी एकदा गार झाल्यावर एसीला तासाला एक युनिट लागत असेल, तर तासाचा खर्च सुमारे ३७० मिलिलिटर पेट्रोल होतो. शहरातील गर्दीत तासाला २० किलोमीटर अंतर कापणारी आणि एसीविना लिटरला २५ किलोमीटर देणारी गाडी त्या तासात ८०० मिलिलिटर जाळत असेल, तर एसीसह ती ११७० मिलिलिटर जाळेल, म्हणजे मायलेज १७ वर उतरेल. तीच गाडी धुळे-जळगाव महामार्गावर तासाला ८० किलोमीटर वेगाने, लिटरला २० किलोमीटर देत धावत असेल, तर ४ लिटरमध्ये ३७० मिलिलिटरची भर पडून मायलेज १८च्या थोडे वर राहील. आकडे गृहीत धरलेले आहेत आणि गाडीगणिक ते बदलतील, परंतु त्यांतून निघणारी दिशा पक्की आहे: एसीचा खर्च तासावर चालतो, किलोमीटरवर नव्हे. म्हणून ज्या शहरी रहदारीत हायब्रिडचा खरा फायदा, तेथेच उन्हाळा तिला जास्त मारतो. महामार्गावर फटका कमी बसतो, कारण तासाचा तोच खर्च तेथे अधिक किलोमीटरांवर विभागला जातो.

उष्णतेच्या खात्यावर थोडी जमाही आहे, हे मान्य केले पाहिजे. इंजिन लवकर तापून कार्यक्षम होते, वंगण पातळ राहते आणि तापलेली हवा विरळ असल्यामुळे वेगात तिचा अवरोध किंचित घटतो. पण एसीच्या खर्चापुढे ही जमा फिकी पडते.

बॅटरीचे दुखणे वेगळे आहे आणि ते त्याच दिवशीच्या मायलेजमध्ये क्वचितच दिसते. भारतातील हायब्रिड गाड्यांत दोन प्रकारच्या बॅटऱ्या आढळतात: हायरायडर, ग्रँड व्हिटारा आणि होंडा सिटी यांत लिथियम-आयन, तर इनोव्हा हायक्रॉसमध्ये निकेल-मेटल हायड्राइड, म्हणजे निकेल आणि हायड्रोजन शोषून घेणारा मिश्रधातू यांची जुनी, दणकट जात. लिथियम-आयन बॅटरीत ऋण टोकावर एक सूक्ष्म थर असतो. तो आवश्यकच असला तरी उष्णतेत वाढत जातो आणि कामाचे लिथियम गिळत राहतो. निकेलच्या बॅटरीत तापमान चाळिशीच्या पुढे गेले की भरण्यासाठी दिलेल्या विजेचा काही भाग साठण्याऐवजी ऑक्सिजन वायू निर्माण करण्यात आणि आणखी उष्णतेत खर्ची पडतो. दोन्हींना लागू पडणारा रसायनशास्त्राचा ढोबळ नियम असा, की तापमान १० अंशांनी वाढले तर झीज घडवणाऱ्या अभिक्रियांचा वेग साधारण दुप्पट होतो.

मात्र बाहेर ४५ अंश आहेत म्हणून बॅटरी ४५ अंशांवर असते असे नाही. या गाड्यांत बॅटरी मॉडेलनुसार आसनांखाली किंवा डिकीच्या तळाशी बसवलेली असते आणि एक छोटा पंखा गाडीच्या आतली हवा ओढून तिच्यावरून फिरवतो. म्हणजे प्रवासी ज्या हवेत बसतात त्याच हवेने बॅटरी गार होते. पेट्रोल वाचवण्यासाठी भर दुपारी एसी बंद करून काचा उघडणारा चालक जी बॅटरी त्याचे पेट्रोल वाचवते तिलाच लू पाजत असतो. थोडक्यात, जो एसी मायलेज खातो तोच बॅटरीचे आयुष्य राखतो. काही मिनिटे काचा उघडून आत साठलेली आच बाहेर काढणे, मग काचा लावून आतलीच हवा फिरती ठेवणे आणि तापमान १८ऐवजी २५ अंशांवर लावणे हा त्यातला शहाणपणाचा मध्य आहे.

पंखा पुरेनासा झाला तर गाडीतील नियंत्रक संगणक बॅटरीत जाणारा आणि तिच्यातून येणारा प्रवाह कमी करतो. कन्नडचा औट्रम घाट याचे चांगले उदाहरण ठरतो. चाळीसगावकडून भरल्या गाडीने घाट चढताना मोटर जोर लावते, प्रवाह वाढतो आणि बॅटरीच्या अंतर्गत रोधामुळे ती तापते. प्रवाह दुप्पट झाला तर ही उष्णता चौपट होते. उलट, कन्नडहून उतरताना ब्रेकची वीज भराभर येते, पण बॅटरी आधीच तापलेली किंवा भरलेली असेल तर संगणक ती नाकारतो आणि ती ऊर्जा साध्या ब्रेकमधून किंवा इंजिन नुसते फिरवून वाया घालवली जाते. उन्हाळ्यात बॅटरीमुळे मायलेज घटते ते अशा मोजक्या प्रसंगी.

झीज अधिक होते ती उभ्या गाडीत. उन्हात ठेवलेल्या बंद मोटारीच्या आतले तापमान तासाभरात बाहेरच्या हवेपेक्षा वीस अंशांहून अधिक वाढू शकते, म्हणजे जळगावात ते साठीच्या घरात जाते, आणि गाडी बंद असल्यामुळे पंखाही फिरत नाही. आसनाखाली वा तळाशी असलेली बॅटरी डॅशबोर्डइतकी तापत नाही. परंतु संध्याकाळी ती थंड व्हायला बराच वेळ घेते. म्हणून कडुनिंबाची सावली एसीइतकीच महत्त्वाची ठरते, आणि तिला पेट्रोल लागत नाही.

तरीही घाबरून जाण्याचे कारण नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात फिनिक्स या वाळवंटी शहराच्या परिसरात तेथील केंद्र सरकारच्या ऊर्जा खात्याने सुरुवातीच्या पिढीतील हायब्रिड गाड्या १,६०,००० मैलांपर्यंत पळवून तपासल्या, तेव्हा बॅटरीची साठवणक्षमता घटली तरी इंधनाच्या वापरात त्या मानाने थोडाच फरक पडल्याचे आढळले. हायब्रिडची बॅटरी सहसा पूर्ण भरली किंवा पूर्ण रिकामी केली जात नाही, त्यामुळे क्षमतेतील घट तिला बराच काळ पचते. भारतातही टोयोटा या बॅटरीवर ८ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर यांपैकी जे आधी होईल तोवर वॉरंटी देते.

खानदेशात उन्हापेक्षा धूळच मोठी शत्रू ठरू शकते. कापसाच्या काळ्या जमिनीची बारीक माती गाडीत शिरते आणि बॅटरीच्या पंख्यापुढील जाळीवर बसते. त्यातच केळीचे खोके, लग्नाच्या पिशव्या किंवा सतरंजी त्या झरोक्यासमोर रचली, की हवा अडते, पंखा गरगरत राहतो आणि बॅटरी मात्र तापतच जाते. झरोका मोकळा ठेवणे आणि सर्व्हिसिंगच्या वेळी ती जाळी साफ करून घेणे या स्वस्त गोष्टी आहेत, आणि कित्येक मालकांना त्यांचा पत्ताच नसतो. मायलेज राखायचे तर टायरमधील हवाही सकाळी, टायर थंड असताना तपासावी लागते. दुपारी तापून वाढलेला दाब पाहून हवा सोडली तर पहाटे टायर कमी हवेचा राहतो आणि मायलेज त्यातही गळते.

उन्हाळ्यात हायब्रिड बंद पडते तेव्हा बहुधा मोटर चालवणारी ही मुख्य बॅटरी दोषी नसते. प्रत्येक हायब्रिडमध्ये १२ व्होल्टची एक साधी बॅटरीही असते. संगणक जागा करणे आणि मुख्य बॅटरीचा विद्युतमार्ग जोडणे एवढेच तिचे काम, पण तिच्याविना गाडी सुरूच होत नाही. उष्णतेत तिच्या आतील झीज वेगाने होते आणि दोन-तीन उन्हाळ्यांत ती संपू शकते, म्हणून मार्च महिन्यात तिची चाचणी करून घेणे हे खानदेशातील हायब्रिडमालकाच्या यादीत महागड्या मुख्य बॅटरीच्या चिंतेच्या आधी यायला हवे.