कडकनाथ: पिसांचा रंग, नर-मादी आणि मांसाची प्रत

काळ्या पिसांच्या कोंबडीला बाजारात जादा भाव मिळतो. त्यामुळे पिसे काळी म्हणजे मांस काळे, आणि अशा कोंबडीला रोग होत नाहीत, असा समज रूढ झाला आहे. या समजापोटी पिल्लांच्या खरेदीत फसगत होते व लसीकरण टाळल्याने सबंध कळप दगावू शकतो. म्हणून पिसांचा रंग व नर-मादी यांचा परिणाम नेमका कशावर होतो, ते पाहू.

पिसांचा रंग व मांस

कडकनाथ ही मध्य प्रदेशातील झाबुआ व धार भागातील आदिवासींनी सांभाळलेली जात आहे. झाबुआच्या कडकनाथ मांसाला २०१८ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. या जातीत गडद काळा, पट्टेदार व सोनेरी असे तीन प्रकार आढळतात. मात्र तिन्हींचे मांस काळेच असते. पिसांचा रंग ठरविणारी जनुके वेगळी आणि कातडी, मांस व हाडांवरील पडद्यात मेलॅनिन हे रंगद्रव्य साठविणारे जनुक वेगळे. म्हणूनच काळ्या पिसांच्या गावठी कोंबडीचे मांस इतर कोंबड्यांसारखेच निघते. संकरित पिल्लांत हा काळेपणा कमी-जास्त होतो.

पक्षी विकत घेताना पिसे बाजूला सारून कातडी पाहावी. चोच, पाय, नखे व तळवे पाटीसारखे काळसर आणि तुरा व जीभ जांभळट असावी.

ब्रॉयलर पांढरे ठेवण्याचे कारणही मांसाच्या चवीत नाही. रंगीत पिसांचे खुंट सोललेल्या कोंबडीवर उठून दिसतात, पांढरे दिसत नाहीत, एवढेच.

नर व मादी

मांसावर खरा फरक पडतो तो नर-मादीचा. कडकनाथचा प्रौढ नर साधारण १.८ ते २ किलो, तर मादी १.२ ते १.५ किलो भरते. त्याच वयाच्या मादीच्या पोटात चरबी अधिक साठते. वय वाढेल तसे मांस चिवट होते. म्हणून पैदाशीपुरते नर ठेवून उरलेले वेळीच विकावेत. तुरे ओळखू येताच नर वेगळे केल्यास भांडणे कमी होतात व माद्यांना पुरेसे खाद्य मिळते.

रोगप्रतिकारशक्ती

प्रौढ नरातील टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक प्रतिकारशक्ती काहीसे दाबते. लसीनंतर माद्यांत प्रतिपिंडे बहुधा जास्त तयार होतात. परंतु हा फरक लसीची जागा घेऊ शकत नाही. मानमोडी (राणीखेत) रोग पिसांचा रंग किंवा लिंग पाहून येत नाही. गंबोरो तर प्रतिकारशक्ती घडविणाऱ्या बर्सा ग्रंथीवरच घाला घालतो. ३ ते ६ आठवड्यांच्या पिल्लांना त्याचा धोका अधिक.

लसीकरण

पशुवैद्यकाच्या सल्ल्याने सर्व पिल्लांना पुढीलप्रमाणे लसी द्याव्यात:

१) पहिला दिवस: मॅरेक्स (उबवणी केंद्रातच)
२) ५ ते ७ दिवस: लासोटा, डोळ्यात किंवा नाकात थेंब
३) १४ वा दिवस: गंबोरो
४) २८ वा दिवस: लासोटा, पाण्यातून
५) ६ वा आठवडा: देवी
६) ८ वा आठवडा: राणीखेत आर-२-बी, टोचून

लस बर्फात ठेवूनच आणावी व निरोगी पक्ष्यांनाच द्यावी. पाण्यातील लसीसाठी क्लोरीनविरहित पाणी वापरावे.

थोडक्यात, जात कातडीवरून ओळखावी, विक्रीचे नियोजन नर-मादी पाहून करावे आणि लस मात्र सर्वांना द्यावी.